आठ की नऊ

माझ्या आत्याला घरात सगळे 'पणका' म्हणत. लहानपणी तिला काहीही सांगितलं की ती "पण का?" विचारायची, आणि उत्तर मिळालं की त्या उत्तरालाही "पण का?". आजोबा म्हणायचे, या पोरीला ताट वाढलं तरी ती आधी ताटाची उलटतपासणी घेईल आणि मग जेवेल. लग्न तिने केलं नाही. त्याबद्दल मात्र तिला कोणी "का?" विचारलेलं खपायचं नाही.

आजोबांचं तराजू दुरुस्तीचं दुकान पुढे तिनेच चालवलं. दुकान म्हणजे तळमजल्यावरच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत भाजीवाल्यांचे, भंगारवाल्यांचे धटिंगण काटे पडलेले असत. आतल्या खोलीत सोनारांचे आणि औषधवाल्यांचे, काचेच्या पेटीतले तराजू. त्या खोलीत पंखा नव्हता. खिडकीच्या फटींवर आत्याने कापडाच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या, कारण झुळूक आली तरी पारडं हलतं. छोटी वजनं चिमट्यानेच उचलायची. बोटांचा घाम पितळेला लागतो आणि वजन बदलतं. तिथे आत्या काम करत असली की आम्ही दारातूनच, तेही हळू आवाजात बोलायचो.

ती सेहेचाळीस वर्षांची असताना पुढच्या चौकातल्या औषधवाल्या काकांचा काटा बिघडला. दुकान रविवारी दुपारी बंद असतं, तेव्हा या, असा त्यांनी निरोप दिला. ती हत्यारांची पेटी घेऊन गेली, तर दुकानामागच्या खोलीत चार माणसं पत्ते खेळत बसलेली. स्वतः काका, त्यांच्या समोर त्यांचे भिडू, शाळेत भूगोल शिकवणारे मास्तर. दुसऱ्या जोडीत एक बँकवाले आणि एक बाई. या बाई कोर्टात लघुलेखिका होत्या. साक्षीदार, वकील, न्यायाधीश जे जे बोलतील ते तीस वर्षं त्यांनी वळणावळणाच्या खुणांनी उतरवून घेतलं होतं. पन्नाशी उलटलेल्या, ताठ बसणाऱ्या, आणि दुसऱ्यांचं इतकं ऐकल्यामुळे असेल, पण स्वतः फार कमी बोलणाऱ्या.

आत्या कोपऱ्यात काटा उघडून बसली, पण कान टेबलाकडे. बँकवाले म्हणाले, "एक नो ट्रम्प." बाई म्हणाल्या, "दोन नो ट्रम्प." बँकवाल्यांनी जरा पानांकडे पाहिलं आणि म्हणाले, "पास." डाव खेळून झाला. आत्याच्याने राहवेना.

"माफ करा हं," ती म्हणाली. "एकावर थांबायचं नव्हतं, आणि दोनवर थांबायचं होतं. मग मध्ये दोन कशाला म्हणालात?"

काका हसायला लागले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी खुर्ची थोडी वळवली.

"मी त्यांना विचारलं," बाई म्हणाल्या. "ते नाही म्हणाले."

"काय विचारलं?"

"जास्त आहे का, असं."

मग बाईंनी तिला समजावून सांगितलं. एक्क्याचे चार गुण, राजाचे तीन, राणीचे दोन, गुलामाचा एक. 'एक नो ट्रम्प' म्हणजे माझ्याकडे पंधरा ते सतरा गुण आहेत आणि पानं चारी रंगांत बरीचशी सारखी वाटलेली आहेत. हुकमाशिवाय खेळून तेरापैकी नऊ हात जिंकले तर 'गेम' होतो आणि त्याचं बक्षीस मोठं असतं. बोलीचा आकडा सहाच्या वरचा, म्हणजे 'तीन' म्हटलं की नऊ हात. त्यासाठी दोघांचे मिळून साधारण पंचवीस गुण लागतात. भिडूकडे दहा असले तर प्रश्नच नाही, तो सरळ तीनवर जातो. सातच असले तरी प्रश्न नाही, तो गप्प बसतो. घोळ आठ आणि नऊला. तेव्हा 'दोन' म्हणायचं. म्हणजे आमंत्रण. तुमच्याकडे वरचे गुण असतील तर तीनवर या, खालचे असतील तर इथेच थांबू.

"आणि त्यांच्याकडे मधले असले तर? सोळा?"

"तर त्यांनी विचार करायचा."

"पण तुमच्याकडे आठ आहेत की नऊ, हे त्यांना कळलं तर सोळावाल्याला विचार करावाच लागणार नाही. सोळा नि नऊ पंचवीस, सोळा नि आठ चोवीस."

"ते सांगायला बोली नाही."

"पण का?"

काट्याचं काम अर्ध्या तासाचं होतं. आत्या संध्याकाळी सहाला घरी आली. पुढच्या महिन्यात बँकवाल्यांची बदली झाली, आणि रिकाम्या खुर्चीवर कोणाला बसवायचं हे कोणाला विचारावं लागलं नाही.

रविवारी दुपारी दोन ते सहा आणि बुधवारी संध्याकाळी, असं तीन वर्षं चाललं. आत्या बाईंची भिडू झाली. खेळ तिला बेताचाच यायचा; बोली मात्र तिने हाडांत मुरवून घेतली. एकदा मी दुकानात गेले तर आतल्या खोलीत तराजू बाजूला सारून तिने बाकावर पत्ते मांडले होते, एकीकडे सोळा गुण, दुसरीकडे आठ. "बघ," ती मला म्हणाली, "सोळा सगळे सारखे नसतात. या सोळात दोन दहिले आहेत आणि चौकटची पाच पानं आहेत, हे भरीव सोळा. आणि हे बघ, हेही सोळाच, पण नुसते पोकळ." मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही. पण ती इतकी खुलली होती की मी मान डोलावली.

या दोघी आमंत्रणाच्या डावांत फार तरबेज आहेत, असा बोलबाला व्हायला वेळ लागला नाही. बाईंनी 'दोन' म्हणायचं, आत्याने क्षणभर पानं न्याहाळायची आणि 'तीन' किंवा 'पास'. जे म्हणेल ते बरोबर निघायचं. काका वैतागायचे.

"तुमच्या दोघींची तार जुळली आहे, ताई. तुम्हाला आतून कळतं."

"आतून म्हणजे कुठून?" आत्याने विचारलं.

"आता तेही दाखवू?"

सगळे हसले. आत्याही हसली, पण तिच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. पुढे तिनेच मला सांगितलं, ते तिच्याच शब्दांत देते: "ज्या काट्याला अर्ध्या ग्रॅमपुरतीच समज आहे, तो पाव ग्रॅमचा फरक दाखवायला लागला, तर त्याचं कौतुक करायचं नसतं गं. उघडून बघायचं असतं. आमंत्रणाच्या बोलीत आठ-नऊचा फरक कळायची सोयच नाही. मग मला कळतो कसा?"

नोंदी होत्या. सवयीने बाई प्रत्येक डाव लघुलिपीत टिपून ठेवत. कोणाचे किती गुण, कोण काय बोललं, किती हात झाले. आत्याने त्या वह्या मागितल्या. तिला त्यातली एक रेघ वाचता येईना, तेव्हा बाई दोन दुपारी तिच्या दुकानात येऊन बसल्या. त्यांनी वाचायचं, आत्याने लिहून घ्यायचं. तीस वर्षं दुसऱ्यांचं ऐकून लिहिणाऱ्या बाईंना पहिल्यांदाच कोणीतरी लिहून घेणारं मिळालं होतं, आणि त्या चक्क मजेत होत्या.

आत्याने फक्त सोळा गुणांचे डाव निवडले, कारण पंधरा-सतरावाल्याला ठरवायला कठीण काहीच नसतं. आत्याकडे सोळा आणि विचारणाऱ्या बाई, असे एकोणीस डाव निघाले. त्यांतले सतरा आत्याने बरोबर ठरवले होते. उलट, बाईंकडे सोळा आणि विचारणारी आत्या, असे सतरा. त्यांतले बाईंनी नऊच बरोबर ठरवले होते. म्हणजे छापा की काटा केल्यासारखे.

"तुझी समज माझ्यापेक्षा चांगली आहे," बाई म्हणाल्या.

"खेळात तुम्ही माझ्या चार पावलं पुढे आहात. नेमकं इथेच मी पुढे? पण का?"

"एवढ्याशा डावांवरून काय सिद्ध होतं?"

"सिद्ध काहीच होत नाही, बाई. शंका येते."

पुढच्या शनिवारी तिने बाईंना आतल्या खोलीत बसवलं. पत्त्यांच्या पाच जोडांतून आठ गुणांचे दहा आणि नऊ गुणांचे दहा डाव तिने आधीच लावून लिफाफ्यांत भरले होते, आणि लिफाफे पिसले होते. बाईंनी एक लिफाफा उघडायचा, पानं हातात लावायची आणि फक्त "दोन नो ट्रम्प" म्हणायचं. आत्या पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बसली. प्रत्येक वेळी ती म्हणायची "आठ" किंवा "नऊ", आणि बाई कागदावर टिपायच्या.

वीसपैकी सतरा बरोबर आले.

"माझं तोंडही तुला दिसत नव्हतं," बाई म्हणाल्या. आता त्यांनाही गंमत वाटायला लागली होती. "मग कसं?"

"पुन्हा करू. या वेळी मी ओळखणार नाही, नुसती ऐकते."

खोलीत पंखा नाही, खिडक्या बंद. सातव्या की आठव्या लिफाफ्याला आत्या गर्रकन वळली.

"आठ असले की तुम्ही बोलायच्या आधी श्वास घेता!"

बाईंनी हातातली पानं मिटली.

"नऊ असले की सरळ बोलता. आठ असले की विचारावं की नको, असं तुमच्या मनात येतं, आणि तेवढ्यात तुम्ही बारीकसा श्वास घेता. मला माहीतही नव्हतं की मी तो ऐकते!" आत्याला इतका आनंद झाला होता की समोरच्या माणसाचा चेहरा उतरलाय, हे तिला दिसायला वेळ लागला.

या खेळाचा एक कडक नियम आहे. भिडूने काय बोली दिली, एवढंच वापरायचं. कशी दिली, चटकन की थांबून, जोरात की हळू, त्यावरून काही ठरवायचं नाही. ठरवलं तर ती लबाडी.

"म्हणजे तीन वर्षं मी तुला खुणा करत होते," बाई म्हणाल्या.

"खुणा कुठल्या? तुम्हाला माहीत नव्हतं."

"मला नव्हतं. आणि तुला?"

"मलाही नव्हतं." आत्या खरं तेच बोलली, आणि पुढचंही खरं तेच बोलली. "पण आता आहे."

बाईंनी लिफाफे नीट एकावर एक ठेवले, पर्स उचलली आणि गेल्या.

त्या रविवारी त्या आल्या नाहीत. बुधवारी नाहीत. "जरा बरं नाही" असा काकांकडे निरोप. काकांच्या बायकोला चौथी म्हणून बसवलं, तर ती बिचारी इस्पिक आणि किलवर यांत गोंधळायची आणि दर डावाला सगळ्यांची माफी मागायची. आत्याने कोणाला काही सांगितलं नाही. मला सांगितलं, तेही मी खोदून खोदून विचारल्यावर. मी म्हटलं, "तुला गप्प बसता आलं नसतं का? कोणाचं काय बिघडत होतं?" तर ती माझ्याकडे अशी बघत राहिली, जशी मी काट्याच्या पारड्याखाली मेण लावायला सांगत होते.

तीन आठवड्यांनी ती बाईंच्या घरी गेली. चौथा मजला, जिना अरुंद. दार उघडून बाईंनी "ये" म्हटलं आणि खिडकीजवळच्या मेजावर चहा ठेवला. मेजावर टोकदार पेन्सिलींचा पेला होता, सगळ्या सारख्या उंचीच्या. दोघींचा चहा अर्धा झाला. मग बाई आपणहून बोलायला लागल्या.

"नोकरीच्या पहिल्या वर्षी एक साक्षीदार होता. त्याला विचारलं, या माणसाला तुम्ही तिथे पाहिलंत का? तो गप्प. बघता बघता सगळं कोर्ट गप्प झालं. मग तो 'नाही' म्हणाला. मी लिहिलं, 'नाही'. मधलं गप्प बसणं लिहायला माझ्याकडे खूण नव्हती. माझ्या वरिष्ठांना विचारलं, तर ते म्हणाले, आपण शब्द लिहितो, बाकीचं आपलं काम नाही. मी ते मानलं. लोकांचं काय काय गळतं ते मी रोज बघायचे, कोणी घसा खाकरतो, कोणी पदर ओढतो. आणि मनात म्हणायचे, माझं असं काही गळत नाही. मी नुसती पेन्सिल." त्यांनी कप खाली ठेवला. "तू मला लबाड म्हणाली नाहीस, ते कळलं मला. राग त्याचा नाही आला. मी इतकी ऐकू येते, हेच मला माहीत नव्हतं."

आत्याने या वेळी "पण का?" विचारलं नाही. तिच्या आयुष्यात असं फार वेळा झालेलं नाही.

शेवटी ती म्हणाली, "मला तर तुमचं तेवढंच ऐकू येतं, बाई. बाकी तुम्ही बोलता कुठे?"

बाई हसल्या, आणि हसता हसताच त्यांनी डोळे पुसले. मग मेजाच्या खणातून पत्ते काढले.

"मी विचार करून ठेवला आहे," त्या म्हणाल्या. "काहीही पानं येवोत, बोलायच्या आधी मनातल्या मनात चार आकडे मोजायचे. आठ असोत, नऊ असोत, शून्य असोत."

"आणि मी, 'एक नो ट्रम्प' म्हणतानाच ठरवून टाकायचं. सोळा असले तर ते भरीव की पोकळ. तुम्ही विचारलंत तर काय उत्तर द्यायचं, ते तुम्ही विचारायच्या आधीच पक्कं. मग तुम्ही श्वास घ्या नाही तर शिंका."

त्या संध्याकाळी त्यांनी चाळीस डाव लावून सराव केला.

रविवारी पत्ते वाटायच्या आधी आत्याने काकांना आणि मास्तरांना सगळं सांगून टाकलं. बाई शेजारी ताठ बसून होत्या. काकांनी कपाळावर हात मारला. "म्हणजे तार होतीच! मी म्हणत नव्हतो?" मास्तर मात्र चष्मा पुसत राहिले. जरा जास्तच वेळ पुसत राहिले.

"मास्तर, काय झालं?" आत्याने विचारलं.

"मला माहीत होतं," मास्तर म्हणाले.

"काय?"

"श्वासाचं. दोन वर्षं तरी झाली असतील. बाईंच्या शेजारच्या खुर्चीवर मी बसतो, मला ऐकू यायचंच. आठ असले की मी जरा धीटपणे खेळायचो."

"आणि तुम्ही गप्प बसलात?" काका ओरडले. "मला, तुमच्या भिडूला, सांगितलं नाहीत?"

"सांगितलं असतं तर तुम्ही दर वेळी त्यांच्या नाकाकडे बघत बसला असता."

आत्या पुढे सरकून बसली. "म्हणजे लबाडी तुमचीही झाली."

"नाही. विरोधकाला मुभा असते. समोरच्या जोडीच्या वागण्यावरून त्याने आपल्या जबाबदारीवर हवा तो अंदाज बांधावा. भिडूला मात्र मनाई."

"तोच श्वास, तोच कान. तुम्हाला चालतो आणि मला नाही. पण का?"

त्या दिवशी पहिला डाव साडेतीनला वाटला गेला. मास्तरांनी टेबलावर बोटाने रेघा ओढून समजावलं: भिडूंनी आपसात काय बोलायचं ते सगळ्यांसमोर ठरलेलं असतं, त्यावेगळी वाट दोघांत उघडली की खेळच मोडतो, विरोधकांत तसला करार नसतोच. आत्याला अर्धं पटलं. उरलेल्या अर्ध्यावरून ती पुढे कित्येक बुधवार मास्तरांशी भांडली.

त्यानंतरच्या वर्षात सोळा गुणांची आमंत्रणं अकरा आली. आत्याने सहा बरोबर ठरवली. "शहाणपणाने बुडालात तुम्ही दोघी," काका म्हणायचे. बुडाल्या नाहीत, पण तो बोलबाला संपला, हे खरं.

त्याच वर्षी दोघींनी जोड्यांच्या स्पर्धेत नाव दिलं. मोठ्या सभागृहात दहा टेबलं होती. तिथे बोलून बोली द्यायची नसते. बोली छापलेले पत्ते पेटीतून काढून समोर ठेवायचे असतात. मी बघायला गेले होते आणि आत्याच्या मागे खुर्ची टाकून बसले होते. शेवटून दुसऱ्या डावाला तिला सोळा गुण आले. चौकटचा एक्का, राणी, दहिला आणि खाली आणखी दोन पानं. तिने 'एक नो ट्रम्प' ठेवलं. पलीकडे बाईंची नजर पानांवर. मी त्यांच्याबरोबर मनात मोजलं, एक, दोन, तीन, चार. 'दोन नो ट्रम्प'. आत्याने लगेच 'तीन' ठेवलं.

विरोधी जोडीतल्या, डावीकडे बसलेल्या बाईंनी बदामचं पान टाकलं, आणि आमच्या बाई आपली पानं टेबलावर मांडायला लागल्या, कारण बोली जिंकणाऱ्याच्या भिडूची पानं सगळ्यांना उघडी करतात. मला मागून आत्याचा चेहरा दिसत नव्हता, पण ती टेबलावर इतकी झुकली की तिची खुर्ची पुढच्या दोन पायांवर उचलली गेली. इस्पिकची राणी, गुलाम. बदामचा राजा. किलवरची राणी. मी बोटांवर मोजले. आठ.

"अगं बाई, आठ!" आत्या पुटपुटली, आणि तिच्या आवाजात निराशा अजिबात नव्हती.

ती चांगली खेळली. बाईंच्या पानांकडून चौकट काढून तिने आपली राणी लावली. चौकटचा राजा उजवीकडच्या विरोधकाकडे असता तर सगळं जमलं असतं. राजा डावीकडे निघाला. डावीकडच्या बाईंनी पुन्हा बदाम काढले, इस्पिकचा एक्काही त्यांच्याकडेच, आणि एक हात कमी पडला. वीस जोड्यांत आमचा नंबर अकरावा आला.

सभागृह रिकामं व्हायला लागल्यावर विरोधी जोडीतल्या त्याच बाई आत्यापाशी आल्या. "राग मानू नका हं, पण सोळावर का गेलात? आम्ही थांबलो असतो."

हा प्रश्न आत्याला विचारणं म्हणजे आपल्या हाताने संध्याकाळ दान करणं. तिने व्हरांड्यातल्या कठड्यावर पत्ते मांडले. दहिले, पाच पानांचा रंग, राजा या बाजूला असण्याची शक्यता, त्या बाजूला असण्याची शक्यता. त्या बाई आधी सभ्यपणे ऐकत होत्या, मग खरंच ऐकायला लागल्या, मग वाद घालायला लागल्या. तोवर झाडूवाला दोनदा येऊन बघून गेला.

आमच्या बाई खांद्याला पर्स लावून जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभ्या होत्या. जिना उंच होता आणि त्यांचे गुडघे हल्ली दुखायचे.

"चला हो दोघी," त्या म्हणाल्या. "उतरता उतरता सांग तिला. मलाही ऐकायचं आहे."